बेचाळीसचा रमजान आणि युसूफ मेहेरअली

1942 साली रमजानचा महिना सप्टेंबरच्या 12-13 तारखेला लागला. त्याच्या दोनच दिवस आधी, 10 सप्टेंबरला, आपल्या वाळवा तालुक्याच्या ठाण्यावर, इस्लामपुरात, मोर्चावर गोळीबार झाला. कामेरीचे विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या हुतात्मा झाले. आदल्याच दिवशी वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले होते. आष्टा, इस्लामपूर, वडूज ही गावे तेव्हा एकाच सातारा जिल्ह्यात होती. त्या वर्षीचा रमजानचा चाँद आपल्या भागाने अशा दिवसांत पाहिला.

ही माणसे ज्या ‘चले जाव’ आंदोलनासाठी रस्त्यावर आली, त्याची ‘क्विट इंडिया’ ही मूळ घोषणा सुचवण्याचे श्रेय युसूफ मेहेरअली यांना दिले जाते. तो रमजान त्यांच्या वाट्याला तुरुंगात आला.

मेहेरअलींचा जन्म 1903 साली मुंबईच्या एका सधन मुस्लिम घरात झाला. घरात पैसा होता, हाती कायद्याची पदवी होती. पण त्यांच्या राजकारणामुळे वकिलीची सनद त्यांना नाकारण्यात आली. 1928 साली सायमन कमिशन मुंबईत उतरले, तेव्हा ‘सायमन परत जा’ म्हणत तरुणांना घेऊन ते निदर्शनांत पुढे होते. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग झाला. 1934 मध्ये जयप्रकाश नारायण आदींबरोबर काँग्रेस समाजवादी पक्ष उभा करणाऱ्यांत ते होते.

मग आले 1942 हे साल. दुसरे महायुद्ध पेटलेले. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, क्रिप्स यांची बोलणी फिसकटली. त्याच वर्षी मेहेरअली मुंबईचे महापौर झाले. तोवर इतक्या तरुण वयात कुणी त्या खुर्चीवर बसले नव्हते. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला आणि 9 ऑगस्टच्या पहाटेपासून धरपकड सुरू झाली. शहराचा महापौरही त्यातून सुटला नाही.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हलवण्याची तयारी दाखवली. आपल्याबरोबरचे आणखी दोन कैदीही आजारी आहेत, त्यांनाही हीच सोय द्या, असे मेहेरअलींनी सांगितले. सरकारने ते मानले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःसाठी दिलेली सवलतही नाकारली.

तब्येत पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. स्वातंत्र्य त्यांनी पाहिले. पण 2 जुलै 1950 रोजी, सत्तेचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे केंद्र 1961 पासून काम करते. रायगड जिल्ह्यातल्या तारा गावी त्याचा दवाखाना आणि ग्रामोद्योग आहेत.

रोजा आपल्याला भूक शिकवतो, ती दुसऱ्याची भूक कळावी म्हणून. मिस्कीन, यतीम आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची वाखाणणी कुराणात आहे. मेहेरअली तर स्वतःच कैदी होते, आणि आजारी होते. तरीही एकट्याच्या वाट्याला आलेली सोय त्यांनी घेतली नाही. देशाच्या लढ्यात मुसलमान कुठे होते, असे आपल्या मुलांना कुणी विचारले, तर हे नाव त्यांच्या ओठांवर असले पाहिजे. आज इफ्तारच्या दस्तरखानावर ते त्यांना सांगा. आणि दुआसाठी हात उठतील तेव्हा इस्लामपूर-वडूजच्या हुतात्म्यांचीही आठवण ठेवा.