ऊस उत्पादकांना कारखान्याचे मालक करणारे पुण्याचे अर्थतज्ज्ञ

तोडलेला ऊस फार काळ थांबत नाही. गाळपाला उशीर झाला की वजन आणि साखर दोन्ही घटतात. त्यामुळे परिसरात एकच खासगी कारखाना असेल, तर तो देईल तो भाव घ्यावा लागतो. या कोंडीतून सहकाराची वाट दाखवणाऱ्यांत डॉ. धनंजयराव गाडगीळ (१९०१-१९७१) अग्रणी होते.

नाशिकला जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले गाडगीळ हे पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेचे पहिले संचालक. नगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. गाडगीळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे सहकाराचे तत्त्व. त्यामुळे केवळ पैशाच्या जोरावर कारखाना ताब्यात घेता येत नाही.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पुढच्या काळात राज्यातील अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही खासगी हातांत गेले. मताचा अधिकार असूनही सभासदांनी हिशेब विचारला नाही, तर मालकी कागदावरच उरते.