हुबर्ट गोल्ट्झियस

हुबर्ट गोल्ट्झियस (३० ऑक्टोबर, इ.स. १५२६:व्हेन्लो – २४ मार्च, इ.स. १५८३:ब्रुज) हे सोळाव्या शतकातील डच चित्रकार, उत्कीर्णक, मुद्रक आणि नाणकशास्त्रज्ञ होते. प्राचीन रोमन व ग्रीक नाण्यांवरील त्यांचे सचित्र ग्रंथ युरोपभर वाचले गेले. मात्र त्यांनी नोंदवलेली सगळी नाणी खरोखर अस्तित्वात होती काय, हा वाद त्यांच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ चालला.

जीवन

व्हेन्लो हे गाव आज नेदरलँड्समध्ये आहे. हुबर्ट यांचे वडील चित्रकार होते व त्यांचे घराणे मूळचे जर्मनीतील वुर्झबर्गचे. गोल्ट्झियस हे आडनाव आईकडून आले आहे. त्यांनी लीज येथे लँबर्ट लोम्बार्ड या चित्रकाराकडे शिक्षण घेतले. लोम्बार्ड स्वतः रोमला जाऊन आलेले होते आणि प्राचीन अवशेषांचा त्यांना ध्यास होता. शिष्याला नाण्यांची गोडी तेथेच लागली असावी.

पुढे गोल्ट्झियस अँटवर्पला स्थायिक झाले. त्यांची पत्नी एलिझाबेथ व्हरहुल्स्ट ही चित्रकर्ती मायकेन व्हरहुल्स्ट यांची बहीण होती. मायकेन या थोरल्या पीटर ब्रूगेल यांच्या सासूबाई. गोल्ट्झियस यांनी आपल्या मुलांना ज्युलियस, मार्सेलस अशी रोमन नावे ठेवली. यांपैकी ज्युलियस पुढे उत्कीर्णक झाला. प्रसिद्ध उत्कीर्णक हेंड्रिक गोल्ट्झियस हे याच घराण्यातील होते.

सम्राटांच्या प्रतिमा

इ.स. १५५७ मध्ये अँटवर्प येथे त्यांचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ज्युलियस सीझरपासून पाचवा चार्ल्स व त्याचा भाऊ फर्डिनांड यांच्यापर्यंतच्या सम्राटांची मुखचित्रे नाण्यांच्या आकारात छापलेली आहेत. रेषा तांब्याच्या पत्र्यावरून आणि रंगछटा लाकडी ठशांवरून घेतल्या होत्या. ठसे कोरण्याचे काम योस गितलूखेन यांनी केले. लॅटिनखेरीज जर्मन, इटालियन, फ्रेंच व स्पॅनिश भाषांतही या ग्रंथाच्या आवृत्त्या निघाल्या. ज्या सम्राटाचे विश्वसनीय नाणे मिळाले नाही, त्याचे वर्तुळ गोल्ट्झियस यांनी चेहरा न काढता रिकामेच सोडले. त्यांच्यावर पुढे झालेले आरोप पाहता ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रवास व छापखाना

या ग्रंथामुळे वॉटरव्हलीटचे जहागीरदार मार्क लॉरिन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. लॉरिन हे ब्रुजचे विद्वान व नाणेसंग्राहक होते. त्यांच्या आश्रयाने गोल्ट्झियस ब्रुजला आले आणि इ.स. १५५८ ते १५६० या काळात त्यांनी नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली व फ्रान्स येथील नाणेसंग्रह पाहिले. ज्यांचे संग्रह पाहिले त्या साडेनऊशेहून अधिक व्यक्तींची यादी त्यांनी इ.स. १५६३ च्या सीझरवरील ग्रंथात दिली आहे. सोळाव्या शतकात जुनी नाणी कोठे व कोणाकडे होती, हे जाणण्यासाठी ही यादी आजही अभ्यासक वापरतात.

परतल्यावर त्यांनी ब्रुज येथे स्वतःचा छापखाना काढला. लेखक, चित्रकार आणि मुद्रक अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असल्याने हे ग्रंथ देखणे झाले. रोमन अधिकारी व विजययात्रांच्या कालक्रमावरील इ.स. १५६६ चा ग्रंथ त्यांनी रोमच्या नगरसभेला अर्पण केला आणि पुढल्या वर्षी त्यांना रोमचे मानद नागरिकत्व मिळाले. इ.स. १५७४ मध्ये ऑगस्टसवरील ग्रंथ आला. सिसिली व दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांवरील इ.स. १५७६ चा ग्रंथ विशेष महत्त्वाचा होय. ग्रीक नगरांचा इतिहास त्यांच्या नाण्यांच्या आधारे मांडण्याचा तो आरंभीचा मोठा प्रयत्न होता.

नेदरलँड्समधील बंडाळीच्या काळात लॉरिन यांच्या संपत्तीची वाताहत झाली. इ.स. १५७९ चा पुराणवस्तूंचा कोश गोल्ट्झियस यांनी अँटवर्पला प्लांटिन यांच्याकडे छापून घेतला. चार वर्षांनी ब्रुज येथे त्यांचे निधन झाले. अँटोनिस मोर यांनी काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र ब्रसेल्सच्या राजकीय ललितकला संग्रहालयात आहे.

विश्वासार्हतेचा वाद

त्यांचे ग्रंथ सतराव्या शतकातही पुन्हा छापले गेले. इ.स. १६४५ च्या अँटवर्प आवृत्तीचे मुखपृष्ठ रुबेन्स यांनी रेखाटले होते. अठराव्या शतकात मात्र संग्रहांच्या याद्या काटेकोर होऊ लागल्या आणि गोल्ट्झियस यांनी नोंदवलेली कित्येक नाणी कोठेच सापडेनात. व्हिएन्नाचे योसेफ एकेल यांनी त्यांच्या साक्षीवर अविश्वास दाखवला आणि अशी नाणी कल्पित ठरवली. एकेल यांचा अधिकार मोठा असल्याने हे मत रूढ झाले.

मुद्दाम केलेली बनवाबनवी हेच याचे एकमेव स्पष्टीकरण नव्हे. त्या काळी पादुआचे जोव्हानी दा काव्हिनो यांच्यासारखे कारागीर रोमन धर्तीची नवी नाणी घडवत होते आणि ती मोठमोठ्या संग्रहांत शिरली होती. झिजलेल्या नाण्यावरील अक्षरे अंदाजाने पुरी करण्याचीही प्रथा होती. शिवाय गोल्ट्झियस यांनी पाहिलेले अनेक संग्रह पुढे विखुरले, त्यामुळे पडताळणी अवघड झाली. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी त्यांच्या कार्याचा नव्याने विचार केला. तरीही केवळ गोल्ट्झियस यांच्या आधारावर एखादे नाणे अस्सल मानले जात नाही.