सायकलवाल्या मास्तरांचा लोखंडी नांगर

धाराशिव : कळंब, भूम, परंड्याकडे आजही सायकलचा नवा घट्ट टायर चढवताना अंगठे लाल होतात. शेवटचा वीतभर भाग काही केल्या आत जात नाही. जाणकार मिस्त्री तिथं जोर लावत नाही. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. पण रिमच्या मधोमध खोलगट घळ असते. समोरच्या बाजूची कड त्या घळीत दाबली की इकडे थोडी ढील मिळते. वॉल्वपाशी कड घळीत उतरत नाही, म्हणून चढवताना शेवट तिथं करायचा आणि काढताना सुरुवातही तिथूनच. पान्यानं नुसती खुपसाखुपशी केली तर ट्यूब गेलीच म्हणून समजा.

ही घळ पहिल्यापासून नव्हती. आधी भरीव रबर असायचं. १८८८ मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर डनलप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तो टायर रिमला चिकटवलेला. पंक्चर काढायचं तर सगळंच सोलायचं. तारेची कड आणि घळीची रिम १८९० मध्ये वेल्च नावाच्या इंग्रजानं आणली.

नेमक्या याच काळात बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण काही रंगच नीट ओळखू येईनात. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. सायकली मुंबईहून पाठवायच्या आणि भाऊ रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या, असा धंदा. चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे! पुढं बढती दुसऱ्याच्या पदरात पडली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं.

शिकलेला माणूस दुकानात हात काळे करतो, हे तेव्हा सगळ्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. पण मन सायकलीपुरतं थांबलं नाही. कडबाकुट्टी यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्याला हसण्यात अर्थ नाही. एक हंगाम गेला तर वर्ष जातं, मग नव्या अवजाराला तो भिणारच.

पुढं बेळगावातली जागाही सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. तिथं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. शंभराव्या जयंतीला, १९६९ मध्ये, सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.