डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन

परळ व लालबाग येथील गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांत तेथें लागणारे रंग पुष्कळसे परदेशांतून येत. ते विकत घेणारे अनेक होते. त्यांची घडण जाणणारे फार थोडे. ही उणीव भरून काढण्यास ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या डॉ. वेंकटरामन ह्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असावी, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म १९०१ सालीं मद्रासेस झाला. मँचेस्टर येथें रॉबर्ट रॉबिन्सन ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकून ते परतले, व पुढें लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजांत प्राध्यापक झाले. त्यांचें नांव जगभर नेणारा शोध तेथलाच.

तो समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अल्कोहोलच्या रेणूंत कर्बाचे २, हायड्रोजनचे ६ व प्राणवायूचा १ परमाणु असतो. डायमेथिल ईथरमध्येंही तेवढेच. परंतु जोडणी निराळी, म्हणून पहिलें ७८ अंशांवर उकळणारें पाणीदार द्रव्य, तर दुसरें साध्या हवेंत केवळ वायु! अशा पदार्थांस समघटक म्हणतात. रंगांतही तोच प्रकार. निळीचा निळा रंग व तिच्यांतच अल्प प्रमाणांत सांपडणारें तांबडें इंडिरुबिन ह्यांचे परमाणु मोजले तर ते सारखेच भरतात. मग नुसत्या मोजदादीनें रंगाऱ्याचें काय भागणार?

वेंकटरामन ह्यांनीं जो पदार्थ घेतला, त्यांत बेंझॉइल नांवाचा परमाणुगट प्राणवायूशीं जोडलेला होता. सोडामाइडच्या योगानें तो तेथून सुटून त्याच रेणूंतील एका कर्बाशीं जडला. कर्ब १५, हायड्रोजन १२, प्राणवायु ३, हा हिशेब तोच राहिला. पदार्थ मात्र दुसरा झाला. त्यांतून पाण्याचा एक रेणु काढला कीं फ्लॅव्होन मिळतें, आणि वनस्पतींतील कित्येक पिवळे रंग ह्याच कुळांतले. इंग्लंडांत विल्सन बेकर ह्यांसही १९३३ सालीं स्वतंत्रपणें हेंच दिसलें. म्हणून ही क्रिया दोघांच्या नांवांनीं ओळखली जाते.

१९३४ सालीं ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागांत आले व १९३८ सालीं त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. दादरशेजारीं माटुंग्यास असलेल्या ह्या संस्थेपासून गिरणगांव फार दूर नाहीं. कृत्रिम रंगांवरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ सालीं निघाले. त्यांच्या संपादनाखालीं पुढें एकूण आठ झाले. ज्या देशांतून आम्ही रंग आणीत असूं, तेथील रसायनज्ञही हे खंड उघडूं लागले. १९५७ सालीं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९८१ सालीं त्यांचें निधन झालें.