नलिनी

रवींद्रनाथांची गाणी आपल्या चारकोपच्या मंडळातही आवडतात. ती ऐकताना मला अन्नपूर्णाबाई आठवतात. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांची ही पुतणी, डॉ. आत्माराम पांडुरंगांची कन्या, विलायतेस राहून आलेली. १८७८ साली १७ वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईस त्यांच्या घरी उतरले. बाईंनी त्यांना इंग्रजी शिकविले आणि त्यांच्यापाशी एक नाव मागितले. त्यांनी ‘नलिनी’ दिले. पुढे ते विलायतेस गेले. बाईंनी १८८० मध्ये हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी विवाह केला. १८९१ साली एडिंबरोस त्या निवर्तल्या. मात्र आपल्या लेखनाखाली त्या ‘नलिनी’ हेच नाव घालीत. रवींद्रनाथही उतारवयापर्यंत त्यांना विसरले नाहीत. भगिनींनो, मी त्यांना दुर्दैवी म्हणणार नाही. जे घडले नाही, ते त्यांनी कुरकुर न करता एका नावात जपले.