ट्युरिंग आणि माझे आठ जीबी

सेकंड इयरला बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला लॅपटॉप घेऊन दिला. निवड माझी. मी स्क्रीन बघितली, पातळ किती आहे ते बघितलं, रॅमकडे लक्षच दिलं नाही. थर्ड इयरला नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलसाठी तीन व्हर्च्युअल मशिन्स एकदम चालवायची वेळ आली आणि तिसरी सुरू करताच लॅपटॉपने मान टाकली. रॅम ८ जीबी, तीही मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. म्हणजे वाढवायची सोयच नाही! त्या रात्री वैतागून लायब्ररीतलं ॲलन ट्युरिंगचं चरित्र उघडलं.

ट्युरिंग २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील भारतात आणि पोरं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असं त्याचं बरंचसं बालपण गेलं. तेराव्या वर्षी शेरबॉर्नच्या निवासी शाळेत जायला निघाला, तर १९२६ चा देशव्यापी संप, रेल्वे बंद. पठ्ठ्या साउदॅम्प्टनहून सायकलवर साठेक मैल तुडवत शाळेत हजर! (आपण बंदच्या दिवशी मेसमध्ये काय आहे ते विचारून पुन्हा झोपतो.) तिथला त्याचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम १९३० साली क्षयाने गेला. ते दुःख त्याला फार लागलं.

१९३६ साली केंब्रिजमध्ये असताना त्याने तो प्रसिद्ध निबंध लिहिला. लांबच लांब फीत आणि तिच्यावरची चिन्हं वाचणारं, खोडणारं, लिहिणारं एक काल्पनिक यंत्र. पुढची उडी अशी, की एकच सार्वत्रिक यंत्र असावं. दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन फितीवर लिहून दिलं की याने हुबेहूब त्याच्यासारखं वागावं. आपली व्हर्च्युअल मशीन याच घराण्यातली. फरक एवढाच, की त्याची फीत कधी संपत नव्हती आणि माझे जीबी आठ!

मग युद्ध. सप्टेंबर १९३९ मध्ये तो ब्लेचली पार्कला दाखल झाला, एनिग्माचे संदेश फोडायच्या कामाला. पोलिश गणितज्ञांच्या कामावरून पुढे जात त्याने त्यासाठी यंत्र रचलं. चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून तो रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा असं सांगतात. होस्टेलवाल्यांना हे पटेल.

युद्धानंतर हा माणूस स्वतः हार्डवेअर निवडायला बसला, आणि इथे मी उठून बसलो. १९४५ पासून नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्याने एसीई या संगणकाचा आराखडा केला. जे काम सूचना लिहून भागतं त्यासाठी जादा सर्किट कशाला, हा त्याचा खाक्या. पण मेमरीत काटकसर त्याला चालायची नाही. १९४७ च्या लंडनमधल्या व्याख्यानातही त्याने मेमरीवर बराच वेळ घालवला आणि संगणकाचा खरा प्रश्न तोच असल्याचं सांगितलं. काम रखडलं, कंटाळून १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला. त्याची छोटी आवृत्ती, पायलट एसीई, मे १९५० मध्ये चालली तेव्हा तो तिथे नव्हता.

बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅमही त्याने मित्राबरोबर रचला होता. तो मशीनवर चढला नाही, म्हणून १९५२ साली ट्युरिंगच मशीन झाला. कागदावर एकेक नियम पाळत ॲलिक ग्लेनीशी खेळला. एका चालीला सुमारे अर्धा तास, आणि २९ चालींत हरला. हार्डवेअरची साथ नसली की असं होतं! पीसीच्या प्रोसेसरमध्ये ही साथ इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स म्हणून दिली, एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही म्हणून. त्याआधी सॉफ्टवेअरला पाहुण्या सिस्टिमच्या अडचणीच्या सूचना हुडकून बदलाव्या लागत. आता व्हर्च्युअलबॉक्स तर ६.१ आवृत्तीपासून या सोयीशिवाय चालतच नाही.

त्याच १९५२ साली त्याच्यावर खटला झाला. समलैंगिक संबंध तेव्हा तिथे गुन्हा होता. तुरुंगाऐवजी त्याने हार्मोन्सचे उपचार पत्करले. ७ जून १९५४ ला सायनाइडने तो गेला, वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली. सरकारने माफी मागितली २००९ मध्ये, राणीकडून क्षमा मिळाली २०१३ मध्ये. २०२१ मध्ये त्याचा चेहरा ५० पौंडांच्या नोटेवर आला. इतक्या उशिरा! पुस्तक मिटून बराच वेळ नुसता पडून राहिलो.

सकाळी रूममेटचा जुना सेकंडहँड डेस्कटॉप उघडला. चार कोअर, रॅम ८ जीबीच, पण दोन स्लॉट रिकामे. हिशोब केला: मूळ सिस्टिमला चार, प्रत्येक मशीनला दोन, म्हणजे दहा, १६ जीबी घ्यावे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये पाहिलं तर व्हर्च्युअलायझेशन डिसेबल्ड. प्रोसेसरमध्ये सोय होती, बायोसमध्ये कोणी चालूच केली नव्हती. ती चालू केली, वर्गणी काढून ८ जीबीची आणखी रॅम बसवली. तिन्ही मशिन्स एकमेकांना पिंग करायला लागल्या.

बाबांना लॅपटॉपचं अजून सांगितलेलं नाही. दर फोनला विचारतात, नीट चालतोय ना रे?