पांढऱ्या डागाची उंची

१९८७ साली मी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका मोठ्या खेड्यातल्या बँकशाखेत फील्ड ऑफिसर होतो. नोकरी नवी, मोटारसायकल जुनी आणि अंगात सगळ्यांना सल्ला देण्याची हौस. त्या वर्षी मृगाचा एक पाऊस पडला आणि नंतर आभाळाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. देशभरच तो दुष्काळ गाजला. आमच्या शाखेचे एक जुने खातेदार होते, सगळे गाव त्यांना आबा म्हणत असे. पांढरे धोतर, खांद्यावर उपरणे आणि कर्जाचा हप्ता कधी न चुकवल्याचा अभिमान. रान तयार करून, बियाणे घरात आणून ते बसले होते. पेरावे की थांबावे, एवढाच प्रश्न.

ग्रामपंचायतीत तेव्हा एक टीव्ही आला होता. रात्रीच्या बातम्यांनंतर हवामानाचे चित्र दाखवत. इन्सॅट-१ बी या उपग्रहाने काढलेले ते चित्र म्हणजे आम्हाला अप्रूपच होते. एका रात्री त्या चित्रात मराठवाड्यावर भला मोठा पांढराशुभ्र पट्टा दिसला. आबांनी माझ्याकडे पाहिले. मी मोठ्या जाणतेपणाने सांगितले की ढग आले आहेत, पेरायला हरकत नाही. जमिनीत होती तेवढ्या ओलीवर आबांनी तिफण धरली. पाऊस आला नाही. उगवलेले कोंब पुढच्या तीन आठवड्यांच्या उन्हात करपून गेले. दुबार पेरणीसाठी ते बँकेत आले तेव्हा त्याच हंगामात, त्याच पिकासाठी दुसरे कर्ज देता येत नाही हा नियम मलाच त्यांना वाचून दाखवावा लागला. त्यांनी बैलजोडीतला एक बैल बाजारात नेला. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. जाताना फक्त एवढेच विचारले, की टीव्हीवर पांढरे दिसत होते ते मग काय होते?

उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे कादंबऱ्या लिहायला लागलो, दुष्काळावरच्या एका कादंबरीसाठी हवामानशास्त्राची पुस्तके चाळू लागलो, तेव्हा ते हळूहळू उलगडत गेले. त्या शोधात एका माणसाचे नाव पुन्हा पुन्हा समोर येत राहिले. कल्पाथी रामकृष्ण रामनाथन. शास्त्राच्या जगात हे नाव मोठे. आपल्याकडे मात्र ते रामन आणि साराभाई या दोन नावांच्या सावलीत राहिले. त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ पुण्यात गेला, हेही आपण विसरलो आहोत.

रामनाथन यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९३ चा, केरळातल्या पालघाटजवळच्या कल्पाथीचा. २८ फेब्रुवारी हा आज आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. तो साजरा होतो १९२८ साली त्या तारखेला लागलेल्या रामन परिणामाच्या शोधासाठी, रामनाथन यांच्या वाढदिवसासाठी नव्हे. पण या योगायोगात थोडी टोचणी आहे. मद्रासला शिकून, त्रिवेंद्रमच्या महाविद्यालयात काही वर्षे भौतिकशास्त्र शिकवून हा तरुण १९२१ च्या सुमारास कलकत्त्याला रामन यांच्याकडे संशोधनाला गेला. पुढे रंगूनला प्राध्यापकी मिळाली तरी सुटीत पाय कलकत्त्याकडेच वळत. १९२३ साली पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करताना त्यांना एक क्षीण, वेगळ्याच रंगाचा उजेड दिसला. पाण्यात काही मळ असेल म्हणून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केले, तरी तो उजेड जाईना. त्याला त्यांनी मंद प्रतिदीप्ती असे नाव दिले आणि विषय तिथेच थांबला. पाच वर्षांनी त्याच धाग्याचे टोक हाती धरून रामन आणि कृष्णन पुढे गेले, १९३० साली रामन यांना नोबेल मिळाले. तोवर रामनाथन प्रकाशाचे दालन सोडून हवामान खात्यात दाखल झाले होते, तेही १९२५ सालीच. हळहळ वाटते ती आपल्याला. त्यांच्या पुढच्या आयुष्यात या हळहळीची खूण कुठे सापडत नाही. ते आपले वर बघत राहिले.

वर म्हणजे किती वर, हाच त्या काळचा प्रश्न होता. जमिनीवरचे तापमान, पाऊस, वारा मोजणे सोपे. ढगाच्या पोटाची उंची मोजण्याची एक साधी युक्तीही वेधशाळांत रूढ होती. हायड्रोजन भरलेला लहानसा फुगा सोडायचा. तो मिनिटाला किती मीटर चढतो हे आधीच ठरलेले. दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवायची आणि तो ढगात शिरून दिसेनासा झाला की घड्याळ पाहायचे. मिनिटाला दीडशे मीटर चढणारा फुगा सहा मिनिटांनी गडप झाला, तर ढगाचे पोट नऊशे मीटरवर आहे. पण ढगाचा माथा कुठे आहे? तिथली हवा कशी आहे? ते फुग्यामागून दुर्बीण लावून कळत नाही.

त्यासाठी मोठे फुगे सोडत. आग्र्याला खात्याची वरच्या हवेची वेधशाळा होती. फुग्याखाली एक हलके यंत्र बांधलेले असे. हवेचा दाब आणि तापमान जसजसे बदलत जाईल तसतशी त्यातली बारीक सुई जेमतेम तिकिटाएवढ्या धातूच्या पत्र्यावर रेघ ओरखडत जाई. फुगा उंच जाऊन फुटे आणि यंत्र कुठल्या तरी शेतात, झाडावर, नदीकाठी पडे. सोबत सूचना असे, की हे सापडल्यास परत करावे, बक्षीस मिळेल. म्हणजे भारताच्या आकाशाचे ज्ञान चालले होते ते वस्तू सापडल्यावर प्रामाणिकपणे परत आणून देणाऱ्या खेडुतांच्या भरवशावर. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या व्यवहाराचे विशेष कौतुक वाटते. तारण नाही, जामीन नाही, आणि तरीही वसुली होत होती.

१९२५ ते १९२८ या काळात आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांच्या पत्र्यांवरच्या रेघा रामनाथन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्या आणि त्यांचा अर्थ लावला. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, रामनाथन यांनी आग्र्याची निरीक्षणे आणि जगभरातल्या इतर ठिकाणची निरीक्षणे एकत्र मांडून विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाणारा आकाशाचा उभा छेद काढला. त्यातून निघालेली गोष्ट उफराटी होती. आपण वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, साधारण किलोमीटरमागे साडेसहा अंशांनी. पण हे कायम चालत नाही. एका उंचीवर घसरण थांबते आणि त्याच्या वर हवा पुन्हा उबदार होऊ लागते. हे जणू हवामानाचे छतच. युरोपात ते अकराएक किलोमीटरवर होते. रामनाथन यांनी दाखवले की उष्ण कटिबंधावर ते छत सोळा-सतरा किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीभोवतीच्या या खालच्या वातावरणातली सर्वांत थंड हवा ध्रुवावर नाही, तर विषुववृत्ताच्या माथ्यावर आहे, उणे ऐंशी अंशांच्याही खाली. ज्या भूमीवर मे महिन्यात परभणीकर घामाने निथळत असतो, तिच्या डोक्यावर हिमालयाच्या शिखरांना लाजवील अशी थंडी.

याचा आबांच्या पेरणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी सरळ आहे.

उपग्रहाला ढगाची उंची दिसत नाही. त्याला वरून फक्त पांढरे-काळे दिसते. उंची काढायच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. एक शाळकरी पोराला सुचेल अशी. उन्हात काठी उभी करून तिच्या सावलीवरून उंची काढतो, तसे ढगाच्या सावलीवरून काढायचे. सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर असेल आणि आपण नेमके वरून पाहत असू, तर सावली जितकी लांब तितकाच ढग उंच. दुसरी तऱ्हा दोन डोळ्यांची. दोन उपग्रहांनी दोन बाजूंनी एकाच वेळी पाहिले की माथा जरासा सरकलेला दिसतो, त्या सरकण्यावरून उंची मिळते. पण रात्री सावली कुठली, आणि दरवेळी दोन उपग्रह कुठले? म्हणून रोजच्या कामाची तऱ्हा तिसरी, तापमानाची. ढगाच्या माथ्यातून डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे निघतात. जितका माथा थंड तितकी ती कमी. उपग्रहाचा अवरक्त कॅमेरा ती मोजतो आणि थंड माथा पांढरा रंगवतो. माथा उणे साठ अंश आहे एवढे कळले. आता उणे साठ अंश हवा आज मराठवाड्यावर किती उंचीवर आहे? ते सांगतो फुगा. तेरा किलोमीटरवर आहे असे फुग्याने सांगितले, तर ढगाचा माथा तेरा किलोमीटरवर. उपग्रह कितीही नवा असो, त्याच्या हिशेबाची ही खातेवही रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडलेली आहे.

या खातेवहीत दोन जागा फसव्या आहेत. छताच्या वर हवा पुन्हा उबदार होते, म्हणजे एकच तापमान दोन उंचींवर सापडू शकते. जोरकस गारपिटीचा ढग छत फोडून वर डोके काढतो तेव्हा ही पंचाईत होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याच्या उभ्या पिकांवर जी गारपीट कोसळली तिच्यासारख्या वेळी माथा नेमका किती उंच, हा काही पुस्तकी प्रश्न राहत नाही.

दुसरी फसवी जागा माझी. आभाळात तेरा-चौदा किलोमीटरवर बर्फकणांचा विरळ पडदा पसरलेला असतो. पावसाळ्यात त्या उंचीवर पूर्वेकडून जोराचे वारे वाहतात. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यांचे वर्णन केले. बंगालच्या उपसागराकडे किंवा विदर्भात कोसळलेल्या ढगांचे माथे हे वारे शेकडो किलोमीटर पश्चिमेला ओढून आणतात. तो पडदा थंड, म्हणून चित्रात पांढराशुभ्र. त्याच्या खाली काही नाही. पाऊस देणारा ढग बुडापासून माथ्यापर्यंत भरलेला लागतो आणि हा नुसता वरचा मांडव. त्या रात्री आबांच्या रानावर बहुधा असाच मांडव पडला होता. पांढऱ्याचा अर्थ थंड आणि उंच एवढाच होता. तो मी भरलेला असा वाचला.

रामनाथन यांची पुढची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण ती इतकी मोठी आहे की पुरवणीत मावणार नाही. पुण्यात असताना १९३२ साली त्यांनी के. पी. रामकृष्णन यांच्याबरोबर मोसमी पावसाच्या न्यूनदाबाच्या पट्ट्यांची रचना उलगडली. त्याच वर्षी पुण्यात रामदास यांच्याकडे शेतीच्या हवामानशास्त्राचा विभाग आला. तेही रामन यांचेच शिष्य. आज परभणीच्या कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांना जो हवामान सल्ला मिळतो, त्याचे मूळ त्या विभागात आहे. पंचावन्नाव्या वर्षी, १९४८ मध्ये, रामनाथन सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. आमच्यासारखे लोक त्या वयात निवृत्तिवेतनाचे कागद जुळवतात. ते अहमदाबादला गेले आणि एका विज्ञान महाविद्यालयाच्या खोल्यांत नुकत्याच सुरू झालेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. संस्था उभी करणारे विक्रम साराभाई तेव्हा तिशीतही नव्हते. सव्वीस वर्षांनी मोठा असलेला माणूस त्यांच्या शेजारी बसून अठरा वर्षे संस्थेचा गाडा ओढत राहिला. १९५२ साली नव्या इमारतीची कोनशिला बसवायला गुरू रामन आले आणि १९५४ साली पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले.

अहमदाबादला त्यांचा ध्यास होता ओझोनचा. उष्ण कटिबंधावर ओझोन कोणत्या उंचीवर किती, याचा पहिल्या पहिल्या चांगल्या अभ्यासांपैकी एक १९४९ साली त्यांनी रा. वि. करंदीकर यांच्यासह केला. जगाने मान दिला, पृथ्वीशास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद दिले, १९६१ साली जागतिक हवामान संघटनेचे पारितोषिक दिले. सरकारने १९६५ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण दिले. १९६० च्या एप्रिलमध्ये टायरॉस-१ या अमेरिकन उपग्रहाने ढगांची पहिली चित्रे पाठवली तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. १९६३ मध्ये हिंदी महासागराच्या मोहिमेसाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि उपग्रहांची चित्रे थेट आपल्या भूमीवर उतरवण्याची सोय झाली. साराभाई १९७१ च्या ३० डिसेंबरला गेले. ज्येष्ठ सहकारी मागे राहिला, आणि तेरा वर्षांनी, १९८४ च्या ३१ डिसेंबरला, ब्याण्णवाव्या वर्षात गेला. इन्सॅट-१ बी अवकाशात जाऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते.

फुगे अजून सुटतात. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहूनही सुटतात. जगातल्या ठरलेल्या वेळा आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येतात. आता यंत्र रेडिओने माहिती पाठवते, त्यामुळे ते परत आणून देणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

आबा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा मुलगा तेच रान करतो, आता सोयाबीन आणि तूर. मध्यंतरी एका जूनमध्ये त्याचा फोन आला. मोबाइलवर उपग्रहाचे चित्र उघडून बसला होता. काका, जिंतूरवर सगळे पांढरे दिसते आहे, टाकू का पेरा, असे विचारत होता. मी त्याला सगळे समजावून सांगायला सुरुवात केली, थंड माथा, विरळ पडदा, रामनाथन. त्याने मध्येच थांबवले. पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा विद्यापीठाचा सल्ला त्याच्याकडे होता आणि सकाळीच त्याने खुरप्याने खणून ओल किती खोल गेली आहे ते पाहिले होते. चार बोटे. मग फोन कशासाठी केलास, म्हणून मी विचारले. वडील गेल्यापासून पेरणीच्या आधी एकदा तुम्हाला विचारायची सवय आहे, असे म्हणाला.